मुक्त मांडणीचा डॅशबोर्ड

एखाद्या यंत्रणेची सतत बदलणारी माहिती दाखवण्यासाठी आकडे, चिन्हे, रेषा आणि चित्रे ठरावीक चौकटींत न बसवता पडद्यावर हव्या त्या जागी, हव्या त्या आकारात मांडून केलेला माहितीफलक. अनेक डॅशबोर्ड सॉफ्टवेअरमध्ये या सोयीला ‘कॅनव्हास’ असे नाव आहे. नेहमीच्या आलेखात स्तंभाची उंची किंवा रेषेचा चढउतार माहिती सांगतो. मुक्त मांडणीत घटक कोठे आहे, कोणाशी जोडलेला आहे, किती मोठा आहे आणि कोणत्या रंगाचा आहे, हे सारेच माहितीचे भाग होतात. कारखाने, वीज उपकेंद्रे, सर्व्हर, पाणीपुरवठा योजना, धरणसमूह अशा जागांची आणि जोडण्यांची गुंतागुंत असलेल्या यंत्रणांसाठी हे तंत्र विशेष उपयोगी आहे. नाशिक जिल्ह्यातील सायखेडा (ता. निफाड) येथे गोदावरीचे पाणी ज्या परिस्थितीत चढते, ती या तंत्राची गरज आणि मर्यादा दोन्ही स्पष्ट करते, म्हणून पुढील विवेचनात त्याच गावासाठी करता येईल असा फलक नमुना म्हणून घेतला आहे.

पूर्वपीठिका : जागेला अर्थ देणारी माहितीचित्रे संगणकापूर्वीची आहेत. फ्रेंच अभियंता शार्ल जोसेफ मिनार याने १८६९ मध्ये नेपोलियनच्या रशियावरील स्वारीचे चित्र काढले. त्यात सैन्याचा मार्ग नकाशावर होता आणि पट्ट्याची जाडी सैनिकांच्या संख्येनुसार घटत गेली होती. आयरिश अभियंता मॅथ्यू सँकी याने १८९८ मध्ये वाफेच्या इंजिनातील ऊर्जेचा प्रवाह अशाच पट्ट्यांनी दाखवला. हॅरी बेक याचा लंडन भुयारी रेल्वेचा नकाशा १९३३ मध्ये प्रवाशांच्या हाती आला. बेकने खरी अंतरे सोडून दिली. स्थानकांचा क्रम आणि मार्गांच्या जोडण्या मात्र काटेकोर ठेवल्या. मुक्त मांडणीचे मूळ तत्त्व या नकाशात स्पष्ट दिसते : वाचणाऱ्याला जे नाते हवे तेवढे अचूक ठेवावे, बाकीचे सुटसुटीत करावे.

दुसरी परंपरा नियंत्रण कक्षांची. वीजकेंद्रांच्या आणि रेल्वेच्या नियंत्रण कक्षांत भिंतीवर संपूर्ण यंत्रणेची आकृती असे आणि प्रत्येक खटक्याच्या किंवा रुळाच्या जागी दिवा लागे. या फलकांना मिमिक पॅनेल म्हणत. दूरवरच्या यंत्रणेवर देखरेख व नियंत्रण ठेवणारी, संगणकावर आधारित स्काडा प्रणाली आल्यावर हीच आकृती पडद्यावर आली. तिसरा धागा वेबचा. एसव्हीजी या रेखाचित्र स्वरूपाला २००१ मध्ये प्रमाणमान्यता मिळाली आणि प्रत्येक आकार स्वतंत्रपणे हलवता, रंगवता येणारी चित्रे ब्राउझरमध्ये शक्य झाली.

आजच्या साधनांपैकी ग्राफाना हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर स्वीडनच्या टॉर्केल ओडेगार्ड याने किबाना या डॅशबोर्ड सॉफ्टवेअरच्या तिसऱ्या आवृत्तीपासून विकसित केले आणि ते २०१४ मध्ये पुढे आले. त्याचा डॅशबोर्ड २४ स्तंभांच्या जाळीवर पॅनेल बसवतो; त्यातले कॅनव्हास पॅनेल मात्र आतल्या घटकांना जाळीतून मोकळे करते. किबानामध्ये कॅनव्हास हे स्वतंत्र दालन आहे. टॅब्लोमध्ये ‘टाइल्ड’ आणि ‘फ्लोटिंग’ अशा दोन मांडण्या आहेत, तर पॉवर बीआयच्या पानावर घटक मुळातच मोकळे ठेवता येतात.

घटक व बांधणी : कॅनव्हास पॅनेलमध्ये साधारणतः मजकूर, आकडा, आयत, लंबवर्तुळ, चिन्ह, बटण आणि पार्श्वचित्र असे घटक असतात. प्रत्येक घटकाच्या गुणधर्मांना एकतर कायमचे मूल्य देता येते किंवा माहितीसाठ्यातल्या एखाद्या क्षेत्राशी ते जोडता येतात. ‘गंगापूर धरण’ हा मजकूर कायमचा. त्याखालचा विसर्गाचा आकडा जोडलेला. रंगासाठी उंबरठे ठरवता येतात, म्हणजे मूल्य ठरावीक मर्यादा ओलांडताच घटकाचा रंग बदलतो. दोन घटकांना बाणाने जोडता येते आणि त्या बाणाची जाडी व रंगही माहितीवर अवलंबून ठेवता येतात. घटकावर क्लिक केल्यास तपशिलाचे दुसरे पान उघडेल अशी सोयही असते.

जागा ठरवताना घटकाचे वरच्या आणि डाव्या कडेपासूनचे अंतर, रुंदी आणि उंची नोंदली जाते. त्याबरोबर घटक कोणत्या कडेला बांधलेला आहे हेही ठरवावे लागते. डाव्या-वरच्या कडेला बांधलेला घटक पडदा रुंदावला तरी तिथेच राहतो. मध्याला बांधलेला मध्यासोबत सरकतो. प्रमाणात बांधलेला पडद्याबरोबर वाढतो व आकसतो. मागे नकाशाचे चित्र आणि वर आकडे अशा फलकात दोन्हींची बांधणी वेगळी राहिली, तर मोठ्या पडद्यावर धरणाचा आकडा भलत्याच गावावर जाऊन बसतो. म्हणून चित्र आणि घटक एकाच प्रमाणात बांधणे ही पहिली शिस्त होय.

सायखेड्याचा नमुना : सायखेडा आणि चांदोरी ही गोदावरीवर समोरासमोर वसलेली, पुलाने जोडलेली गावे. इथे तीन गोष्टी एकत्र येतात. नाशिक शहराकडून गंगापूर धरणाचा विसर्ग आणि शहर परिसरातल्या ओढ्यानाल्यांचे पाणी येते. इगतपुरी तालुक्यातून येणारी दारणा सायखेड्याच्या वरच्या बाजूला गोदावरीला मिळते. आणि खाली नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा आहे. पूर आला की बंधाऱ्याचा फुगवटा मागे सरकतो. म्हणून सायखेड्याची पातळी केवळ वरून किती पाणी येते यावर ठरत नाही, खालून किती पाणी पुढे जाते यावरही ठरते. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमधील पुरांत चांदोरी व सायखेडा या दोन्ही गावांत पाणी शिरले होते.

नेहमीच्या डॅशबोर्डवर गंगापूर, दारणा नदीवरचे दारणा धरण आणि नांदूर मध्यमेश्वर असे तीन आलेख एकाखाली एक लागतील. त्यातून प्रत्येक धरणाची स्थिती कळते. सायखेडा या सगळ्यात कोठे आहे हे कळत नाही. मुक्त मांडणीत नदी पडद्यावर डावीकडून उजवीकडे वाहती ठेवावी. डावीकडे वर गंगापूर, मग नाशिकचा होळकर पूल, पडद्याच्या खालच्या बाजूने येऊन मिळणारी दारणा, संगमानंतर सायखेडा-चांदोरी, उजवीकडे नांदूर मध्यमेश्वर आणि शेवटी जायकवाडी धरणाकडे जाणारा बाण. वळणे, अंतरे, उपनद्यांचे कोन सोडून द्यावेत. क्रम आणि संगम मात्र अचूक हवेत. सायखेड्याचा घटक सर्वांत मोठा आणि मध्यभागी असावा, कारण हा फलक त्या गावासाठी आहे. हीच माहिती जायकवाडीच्या लाभक्षेत्रासाठी मांडली, तर मध्यभाग बदलेल.

आकाराचे प्रमाण : धरणाचा साठा टक्क्यांत दाखवण्याची पद्धत रूढ आहे आणि बहुतेक फलकांत सारख्या उंचीच्या टाक्या काढलेल्या असतात. जलसंपदा विभागाच्या तक्त्यांत गंगापूरची साठवणक्षमता ५,६३० दशलक्ष घनफूट, दारणाची ७,१४९ आणि नांदूर मध्यमेश्वरची २५७ धरली जाते. म्हणजे गंगापूर नांदूर मध्यमेश्वरच्या सुमारे २२ पट आणि दारणा सुमारे २८ पट. गंगापूर आणि नांदूर मध्यमेश्वर या दोन्ही जागी ‘९० टक्के’ लिहिले, तरी अर्थ अगदी वेगळा होतो. १०,००० क्युसेक (घनफूट प्रति सेकंद) आवक असेल आणि काहीच सोडले नाही असे धरले, तर गंगापूरची उरलेली दहा टक्के जागा भरायला साडेपंधरा तासांहून अधिक वेळ लागेल. नांदूर मध्यमेश्वरची जागा पाऊण तासाच्या आत संपेल. क्षेत्रफळ क्षमतेच्या प्रमाणात ठेवायचे, तर गंगापूरच्या चौकोनाची बाजू नांदूर मध्यमेश्वरच्या सुमारे पावणेपाच पट हवी. इतकी तफावत डोळ्यांसमोर आली, की बंधारा पूर साठवून ठेवील अशी अपेक्षा कोणी करणार नाही. मुक्त मांडणीने दिलेली आकाराची मोकळीक इथे खऱ्या अर्थाने कामी येते.

वेळ : कॅनव्हासवरचे आकडे बहुधा शेवटच्या नोंदीचे असतात. ते सगळे एकाच क्षणाचे असले, तरी नदीतले पाणी एकाच क्षणाचे नसते. गंगापूरमधून आता सोडलेले पाणी सायखेड्याला पोचायला काही तास लागतात. त्यामुळे गंगापूर आणि दारणा यांच्या आताच्या विसर्गाची बेरीज करून ती सायखेड्याच्या चौकटीत लिहिणे ही गंभीर चूक ठरते. योग्य पद्धत अशी : सायखेड्याच्या चौकटीत तिथली प्रत्यक्ष पातळी ठेवावी आणि ‘वरून येत असलेले पाणी’ वेगळ्या घटकात दाखवावे. कॅनव्हासच्या शेजारी मागील दोन दिवसांचा साधा रेषा-आलेखही हवा. पातळी चढती आहे की उतरती, हे एकट्या आकड्यावरून कळत नाही.

प्रत्येक आकड्याखाली नोंदीची वेळ लिहिणे आवश्यक आहे. पुरातच वीज जाते, मोबाइल संपर्क तुटतो, पातळी मोजणारे उपकरण गाळात जाते. अशा वेळी पडद्यावर जुना, शांत आकडा तसाच राहतो आणि तो खोटा दिलासा देतो. ठरावीक वेळेत नवी नोंद आली नाही, तर घटक आपोआप राखाडी व्हावा असा नियम सुरुवातीलाच घालावा.

रंग व चिन्हे : रंग निवडताना आधीपासून रूढ असलेले अर्थ पाळावेत. केंद्रीय जल आयोग इशारा पातळी आणि धोका पातळी यांच्या दरम्यान पिवळा, धोका पातळीपासून आजवरच्या सर्वोच्च पातळीखालपर्यंत नारिंगी आणि त्यावर लाल रंग वापरतो. महाराष्ट्रात पूररेषांचे रंगही ठरलेले आहेत : २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. नदीकाठच्या माणसासाठी निळी रेषा म्हणजे बांधकामाला मनाई असलेल्या पट्ट्याची हद्द. सॉफ्टवेअरच्या तयार रंगसंचात निळा हा सौम्य, बिनधोक रंग असतो; पूरफलकावर तो त्या अर्थाने वापरला, तर गोंधळ होतो. लाल-हिरव्यातला फरक न दिसणाऱ्यांसाठी रंगाबरोबर ‘इशारा’, ‘धोका’ हे शब्दही लिहावेत.

चिन्हे लोकांच्या ओळखीची असतील, तर फलक लवकर वाचला जातो. नाशिकमध्ये गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या अंगावर पाणी कोठवर चढले यावरून पूर मोजण्याची रीत आहे. मारुतीची आकृती घेऊन पातळीनुसार पाण्याचा थर चढवणे कॅनव्हासवर सहज शक्य आहे आणि नाशिककर ते शिकवल्याविना वाचतील. मात्र हे चिन्ह नाशिकच्या जागीच ठेवावे. दारणा त्याच्या खाली मिळत असल्याने मारुतीच्या पायाशी पाणी असतानाही दारणेच्या विसर्गाने सायखेड्याला पाणी चढू शकते. सायखेड्यासाठी अधिक योग्य चिन्ह म्हणजे चांदोरी-सायखेडा पूल : वाहतूक सुरू की बंद, आणि पाणी पुलाच्या किती खाली.

माहितीचा पुरवठा : असा फलक पाऊस, धरणपातळी, दरवाजांचा विसर्ग आणि नदीपातळी यांच्या नियमित नोंदींवर उभा राहतो. उदाहरणार्थ, महाराष्ट्रात कृष्णा व भीमा खोऱ्यांसाठी जलसंपदा विभागाने जलविज्ञान प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात दूरस्थ केंद्रांकडून अशा नोंदी मिळवणारी आणि पुराचे पूर्वानुमान करणारी प्रणाली उभारली. नोंदी टेबलाच्या स्वरूपात आल्या की एककांची शिस्त पाळावी लागते. विसर्ग क्युसेकमध्ये आणि साठा दशलक्ष घनफुटांत असेल, तर वाचकाला दोन्हींतले नाते सांगावे : १,००० क्युसेक पाणी २४ तास वाहिले की ८६.४ दशलक्ष घनफूट होते.

मर्यादा : मुक्त मांडणीचा फलक करायला वेळ लागतो आणि राखायला त्याहून अधिक. नवे केंद्र जोडले की पॅनेल आपोआप वाढत नाही. जागा पुन्हा आखावी लागते. मोठ्या पडद्यासाठी केलेली आकृती मोबाइलवर वाचता येत नाही, आणि गावात माहिती पाहिली जाते ती मुख्यतः मोबाइलवर. त्यामुळे मोबाइलसाठी चार-पाच घटकांची उभी मांडणी वेगळी करणे श्रेयस्कर. घटकांची संख्या वाढली की मुख्य घटक हरवतो. सजावटीची चित्रे, हलणाऱ्या लाटा, सावल्या यांमुळे पडदा आकर्षक दिसतो, पण त्यांतून माहितीत काहीच भर पडत नाही. ज्या माहितीत जागेचे किंवा जोडणीचे नाते नाही, उदाहरणार्थ महिन्यांनुसार पाऊस किंवा बाजार समितीतील रोजचे भाव, तिथे साधा आलेख किंवा तक्ताच योग्य.

मूल्यमापन : फलक बरोबर जमला की नाही, हे तो करणाऱ्याने एकट्याने ठरवू नये. ज्याला त्यावरून निर्णय घ्यायचा आहे, त्याला तो दाखवावा : दुकानातला माल वर हलवायचा की नाही हे ठरवणारा सायखेड्याच्या पेठेतला व्यापारी, नदीकाठची मोटार काढायची का हे पाहणारा शेतकरी, पूल बंद करणारा पोलीस कर्मचारी. पाणी कोठून येत आहे, चढत आहे की उतरत आहे आणि नोंद किती जुनी आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे त्यांना कोणाच्याही मदतीशिवाय देता आली, तर मांडणी यशस्वी मानावी. न आल्यास घटक वाढवण्याऐवजी कमी करून आणि त्यांच्या जागा बदलून फलक पुन्हा आखावा. तशी दुरुस्ती पावसाळ्याआधी पूर्ण करणे हा या कामाचाच भाग आहे.