पाळण्याचा खर्च कोणाचा?



गेल्या महिन्यात आमच्याकडे धुणीभांडी करणारी ताई म्हणाली, "भाभी, धाकट्याला सांभाळायला मोठीची शाळा बुडवली." पोरगी तिसरीत आहे. तेव्हापासून मनात होतं, कामाला जाणाऱ्या आईचं मूल सांभाळायचा खर्च आजवर कोणी उचलला?

शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरणीत जाणाऱ्या बायका तान्ह्या बाळाला अफूची गोळी देऊन निजवायच्या. खर्च बाळाच्याच अंगावर पडायचा. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचं विधेयक आलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याची बाजू घेतली. आईची विश्रांती देशाच्या हिताची आहे, म्हणून सरकारनंही भार उचलावा आणि मालकानंही, असं त्यांचं म्हणणं होतं. १९२९ मध्ये कायदा झाला, पैसे मात्र मालकावर आले.

पुढे १९४८ च्या कारखाने कायद्यात पाळणाघर आलं. पण ५० हून जास्त बायका असतील तिथेच. १९७६ मध्ये ५० चे ३० झाले. आपल्या वरणगावचा आयुध कारखाना १९६४ चा, म्हणजे याच कायद्याच्या काळातला. पण बायका मोजून पाळणाघर द्यायचं म्हटलं, की मालक बायकाच कमी ठेवणार! २०१७ च्या दुरुस्तीत ५० किंवा जास्त कामगार मोजायचे ठरले, पुरुष धरून. मूल एकट्या आईचं नसतं, हे कायद्याला कळायला जवळजवळ सत्तर वर्षं लागली.

मला सगळ्यांत आवडला तो रोजगार हमीचा नियम. कामावर पाच लहान मुलं आली, की एका बाईनं ती सांभाळायची, आणि तिलाही मजुरी द्यायची. सांभाळणं हेही कामच!

यातला एकही कायदा माझ्या ओट्यापर्यंत येत नाही. ताई चार घरी काम करते, म्हणजे तिच्या मालकिणी आम्ही चौघी. पर्युषणात दान लिहिताना आमचा हात आखडत नाही, आणि हे मात्र कधी सुचलं नाही. चौघी बसलो. एकीनं नाही म्हटलं. उरलेल्या तिघींनी खर्च वाटून घेतला. गल्लीतल्या एक आजी बाळ सांभाळतात, त्यांना महिन्याचे पैसे देतो. ताईच्या पगारातून काही कापत नाही.

मोठी आता रोज शाळेत जाते.

तुमच्याकडे काम करणारीचं मूल आत्ता कोणाजवळ आहे? आज तिला विचारा.