नकार आधी, कायदा नंतर

१/
वारली चित्र म्हटले की आज कुर्ते, चहाचे कप आणि कॅफेच्या भिंती आठवतात. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लिहिलेला मूळ चौक मात्र लग्नाचा असतो. सवाशिणी तो लिहितात, त्याच्या मध्यभागी पालघट देवी असते आणि धवलेरी गाणी गात लग्न लावते. आजच्या पालघर जिल्ह्यात एकेकाळी याच लग्नापासून कित्येक वारली जोडप्यांची गुलामी सुरू होत असे. ती गुलामी १९४५ मध्ये कोणी आणि कशी मोडली, हे सांगणारा हा धागा.

२/
आधी भूगोल. विरारहून सुटलेली डहाणू लोकल वैतरणा ओलांडून सफाळे, पालघर, बोईसर करत डहाणू रोडला पोहोचते. १९४५ मध्ये वसईपासून उंबरगावपर्यंतचा हा सारा प्रदेश ठाणे जिल्ह्यात होता. १९६० मध्ये उंबरगाव गुजरातेत गेले. त्या तालुक्याचा जो भाग महाराष्ट्रात राहिला, तो आजचा तलासरी तालुका. पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ रोजी.

३/
रेल्वेच्या पूर्वेला डोंगर, जंगल आणि वारल्यांचे पाडे. इथली जमीन पूर्वी आदिवासीच कसत. इंग्रजी अमलात जमिनीला खरेदी-विक्रीयोग्य मालकी आली, सारा रोखीत भरावा लागू लागला आणि जंगलावर सरकारी बंधने आली. रोखीसाठी सावकाराचे दार उघडे होते. दोन-तीन पिढ्यांत कागदावरचे मालक बदलले. कसणारे हात तेच राहिले, पण ते आता कुळाचे किंवा मजुराचे हात होते.

४/
लग्नाला पैसा लागे. वधूच्या घरी द्यायचे देज, गावजेवण, ताडी. त्यासाठी काढलेल्या कर्जापोटी नवरा सावकाराकडे राबू लागे, आणि लग्न झाल्यावर बायकोही. अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. मोबदला म्हणजे पोटापुरते धान्य. हिशेबाची वही सावकाराची आणि ती वाचता येणारा माणूसही सावकाराचाच. त्यामुळे कर्ज फिटले की नाही, हे गड्याला कधी कळत नसे. बाप मेला तर मुलगा त्या जागी उभा राही.

५/
जे लग्नगडी नव्हते, तेही मोकळे नव्हते. कुळाने जमीनदाराच्या खासगी शेतात आधी फुकट राबायचे आणि मग आपल्या तुकड्याकडे वळायचे. ही ‘वेठ’. पावसाळ्यात घरातले धान्य संपले की सावकाराकडून खावटी उचलायची आणि पीक आल्यावर ती वाढीव दराने फेडायची. वेठीला नकार देणाऱ्याला झाडाला बांधून फटके मारत. या गोष्टी चोरून होत नसत. आजूबाजूच्या साऱ्या मुलखाला त्या ठाऊक होत्या.

६/
सरकारलाही ठाऊक होत्या. १९३० मध्ये जिनिव्हा येथे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सक्तीच्या श्रमाविरुद्ध करार केला. त्याच दशकाच्या अखेरीस सायमिंग्टन या इंग्रज अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातील आदिवासींची पाहणी केली. सरकारला सादर झालेल्या त्याच्या अहवालात लग्नगड्यांची स्थिती स्पष्ट शब्दांत नोंदलेली आहे. अहवाल छापला गेला. पाड्यावरची वेठ मात्र चालूच राहिली.

७/
जानेवारी १९४५. टिटवाळ्याला महाराष्ट्राच्या किसान सभेची परिषद भरली. उंबरगाव तालुक्यातून काही वारली तिथे पोहोचले. माह्या धांगडा हे त्यांतले एक. किसान सभेचे शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्याशी त्यांचा संबंध आला. गोदावरीबाई कायद्याच्या पदवीधर. त्या आधी भारत सेवक समाजात होत्या आणि पुढे कम्युनिस्ट चळवळीत आल्या. या भेटीनंतर त्या पाड्यापाड्यांवर पायी हिंडू लागल्या.

८/
२३ मे १९४५. झरी या गावी सुमारे ५,००० वारली जमले. तिथे ठरले ते थोडक्यात असे: वेठ करायची नाही. जमीनदाराच्या खासगी शेतात राबायचे तर दिवसाला १२ आणे रोख घेऊनच. कोणी अंगावर आला तर एकजुटीने तोंड द्यायचे. यात सत्ता उलथवण्याची भाषा कुठेही नव्हती. कामाचे दाम द्या, एवढीच मागणी होती.

९/
तारखेकडे जरा लक्ष द्यावे. मे महिन्याची अखेर म्हणजे पाऊस दोन आठवड्यांवर आलेला. जमीनदाराला नांगराला माणसे हवी असतात ती याच दिवसांत. म्हणूनच नकाराला धार होती. पण वारल्याच्या घरचे धान्य संपते तेही याच दिवसांत, आणि खावटी मिळायची ती त्याच जमीनदाराच्या दारात. ज्याला ‘नाही’ म्हणायचे, चार महिन्यांचे अन्नही त्याच्याच कणगीत. झरीच्या ठरावामागे केवढी हिंमत होती, ते हे गणित मांडल्यावर कळते.

१०/
सभा उठली आणि माणसे पाड्यांवर परतली. नंतरच्या दिवसांत वारल्यांचे जथे लाल बावटा घेऊन जमीनदारांच्या वाड्यांसमोर जाऊ लागले. लग्नगड्यांना हाक मारून बाहेर बोलावत आणि सोबत घेऊन परतत. एकट्याने पळून गेलेल्या गड्याला पूर्वी धरून आणले जाई. आता त्याच्यासोबत सारा पाडा चालत होता, त्यामुळे धरायचे कोणाला हा प्रश्न जमीनदाराला पडला. कोणत्याही न्यायालयाचा हुकूम हाती नसताना लग्नगडीची प्रथा अशी मोडू लागली.

११/
पावसाळा सरला आणि गवतकापणी आली. या भागातले गवत मुंबईला जाई आणि त्यावर व्यापाऱ्यांची चांगली कमाई होई. कापणाऱ्यांनी ५०० पौंड गवतामागे अडीच रुपये मजुरी मागितली. त्याखाली कोणी विळा उचलायचा नाही, असे ठरले. तोवर लढाई वेठीविरुद्ध होती, आता ती मजुरीच्या दरावर आली. जमीनदार आणि व्यापारी दोघेही अस्वस्थ झाले.

१२/
१० ऑक्टोबर १९४५. गोदावरीबाई तलवाड्याला येणार आहेत आणि त्यांच्या जिवाला धोका आहे, असा खोटा निरोप पाड्यापाड्यांवर पोहोचवण्यात आला. हजारो वारली तलवाड्याला जमले. दुसरीकडे, हा जमाव दंगा करणार असल्याचे पोलिसांना कळवले गेले होते. पोलिसांनी गोळीबार केला. लाल बावट्याजवळचा जेठ्या गांगड कोसळला. त्याच्यासह पाच जण मारले गेले. गोळ्या झडूनही लोक लगेच पांगले नाहीत.

१३/
परुळेकर दांपत्याला तडीपार करण्यात आले. नेते गेले की अडाणी माणसे कामावर परततील, हा त्यामागचा हिशेब. तो चुकला. निरोप पाड्यावरून पाड्यावर जात राहिले, संप टिकला आणि दर वाढवावे लागले. १९४६ मध्ये जंगलकामाच्या मजुरीसाठी पुन्हा संप झाला. जानेवारी १९४७ मध्ये पालघर तालुक्यात नानिवली येथे पुन्हा गोळीबार झाला आणि पुन्हा माणसे मेली. तोवर प्रांतात लोकनियुक्त सरकार आले होते. बंदुकीपुढे उभ्या असलेल्यांसाठी मात्र फारसे बदलले नव्हते.

१४/
या लढ्याने काय मिळवले? वेठ आणि लग्नगडी या प्रथांचा कणा मोडला. मजुरी रोखीत आणि ठरलेल्या दराने मिळू लागली. जमीन मात्र लगेच परत मिळाली नाही. त्यासाठी १९४८ चा कुळकायदा यावा लागला आणि त्यानंतरही कागदपत्रांची लांब लढाई लढावी लागली. त्याच सुमारास बंगालमध्ये तेभागा आणि हैदराबाद संस्थानात तेलंगणाचा लढा पेटला होता. भूमिहीनांच्या या मोठ्या उठावांच्या मालिकेत झरीचे पाऊल पहिल्या काहींपैकी होते. गोदावरीबाईंनी ही कहाणी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० च्या पुस्तकात लिहिली. त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

१५/
आता कायद्याचा क्रम पाहू. वेठबिगारीस मनाई करणारे संविधानाचे कलम २३ अमलात आले १९५० मध्ये. जिनिव्हाच्या कराराला भारताने मान्यता दिली १९५४ मध्ये. वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा झाला १९७६ मध्ये. झरीच्या सभेनंतर ३१ वर्षांनी! ज्या गोष्टीला निरक्षर माणसांनी आपल्या जिवावर ‘नाही’ म्हटले, तिला संसदेच्या कायद्याने गुन्हा ठरवायला एवढा काळ गेला.

१६/
कायदा झाल्यावरही गोष्ट संपली नाही. मुंबईच्या उंबरठ्यावरच्या वसई तालुक्यात, पूर्वेकडच्या पाड्यांवर, १९८० च्या दशकातही वेठबिगार होते. विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी १९८२ मध्ये श्रमजीवी संघटना उभी केली ती याच प्रश्नातून. कायद्याची तरतूद चांगली होती. कर्ज वेठीचे नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी सावकारावर होती. पण त्याआधी कोणीतरी अधिकाऱ्यासमोर उभे राहून ‘मी वेठबिगार आहे’ असे म्हणावे लागे, आणि संध्याकाळी त्याच गावात परतावे लागे.

१७/
हे वाक्य उच्चारणारे कातकरी, वारली, मल्हार कोळी होते. मालकाची विहीर, मालकाचे शेत आणि मालकाच्या जमिनीवरची झोपडी, एवढेच त्यांचे जग होते. विवेक पंडित यांना १९९९ मध्ये गुलामगिरीविरोधी कार्याचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्या सन्मानामागे मुक्तीचे प्रमाणपत्र हाती पडेपर्यंत आपल्या जबानीवर ठाम राहिलेली कितीतरी माणसे आहेत.

१८/
झरी आणि वसई यांच्यामध्ये सुमारे ४० वर्षांचे अंतर आहे आणि मध्ये एक संविधान आहे. १९४५ च्या वारल्यांकडे कायदा नव्हता, म्हणून त्यांनी पाड्याचा ठरावच कायद्यासारखा पाळला. १९८२ च्या वेठबिगारांकडे कायदा होता, पण तो जागा करायला पहिला आवाज त्यांनाच द्यावा लागला. दोन्ही वेळी जे बदलले, त्याची सुरुवात मालकाकडून उद्याचे धान्य मिळेल याची खात्री नसलेल्या माणसांनी केली.

१९/
दरवर्षी १० ऑक्टोबरला तलासरी-डहाणू भागात तलवाड्याच्या हुतात्म्यांचे स्मरण होते. विरारहून डहाणू लोकलने निघालेल्या प्रवाशाला त्या मुलखाच्या वेशीपर्यंत पोहोचायला दीड तासही लागत नाही.

(धागा समाप्त)