फ्लीट स्ट्रीटची पानगृहे आणि सरकारी घड्याळ

लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरून वाईन ऑफिस कोर्ट नावाच्या अरुंद बोळात वळले की 'ओल्ड चेशायर चीज' हे पानगृह लागते. १६६६ च्या अग्निप्रलयात येथील पूर्वीची वास्तू भस्मसात झाली आणि दुसऱ्याच वर्षी ती पुन्हा उभी राहिली. तेव्हापासून इंग्लंडच्या गादीवर जे जे राजे आणि ज्या ज्या राण्या आल्या त्यांची नामावळीच दाराशी लावलेली आहे. शब्दकोशकार डॉ. जॉन्सन जवळच गॉफ स्क्वेअरमध्ये राहत असत, म्हणून त्यांची बसण्याची जागाही येथे मोठ्या अभिमानाने दाखवितात. त्यांच्या बारीकसारीक हालचालींची नोंद करणाऱ्या बॉस्वेलने मात्र या घराचा कोठे नामोल्लेखही केलेला नाही. येथील पॉली नावाचा पोपट १९२६ मध्ये वारला तेव्हा वृत्तपत्रांनी त्याचे मृत्युलेख छापले. शेजारच्या छापखान्यांतील मंडळीच येथील नित्याची गिऱ्हाइके असल्यामुळे त्या पक्ष्याला हे भाग्य लाभले असावे!

अशा घराची प्राचीनता पाहून भारावून जाणाऱ्या प्रवाशाला वाटते की कचेरी सुटताच कारकून, वकील आणि बातमीदार यांनी येथे गर्दी करावी, काउंटरपाशी उभ्या-उभ्या पाइंटभर बिअर घ्यावी, एकाने सर्वांसाठी आणि मग दुसऱ्याने सर्वांसाठी पैसे मोजावेत, आणि घंटा वाजताच अखेरच्या पेल्यासाठी एकच धांदल उडावी, हा सारा रिवाज भिंतींइतकाच जुना आहे. भिंती जुन्या आहेत खऱ्या, परंतु त्या संध्याकाळचे वेळापत्रक पुष्कळसे विसाव्या शतकातील सरकारी फर्मानांनी आखून दिलेले आहे.

त्यापूर्वी मद्यविक्रीवर सरकारची नजर नव्हती असे नाही. सहाव्या एडवर्डच्या कारकिर्दीत, १५५२ मध्ये, दंडाधिकाऱ्यांच्या परवान्यावाचून एलगृह, म्हणजे बिअर विकणारे घर, चालविण्यास मनाई झाली. पुढे १८३० मध्ये, जिनच्या व्यसनापेक्षा बिअर बरी या हिशेबाने, दोन गिनी भरणाऱ्या कोणाही करदात्याला आपल्या घरात बिअर विकण्याची मुभा मिळाली आणि गल्लोगल्ली गुत्ते निघाले. १८६९ मध्ये तो अधिकार पुन्हा दंडाधिकाऱ्यांकडे आला. तरीही वेळेच्या बाबतीत मोकळीक बरीच होती: पहिल्या महायुद्धापूर्वी लंडनचे पानगृह पहाटे पाचला उघडून मध्यरात्रीनंतर साडेबारापर्यंत, म्हणजे साडेएकोणीस तास, चालू शकत असे.

युद्धाने हे सारे पालटले. दारूगोळ्याच्या कारखान्यांत मजूर झिंगलेले येतात किंवा येतच नाहीत, अशी ओरड होऊन मंत्री लॉइड जॉर्ज यांच्या पुढाकाराने १९१५ मध्ये एक मध्यवर्ती नियंत्रण मंडळ नेमले गेले आणि राजधानीतील पानगृहांना दुपारी बारा ते अडीच आणि संध्याकाळी साडेसहा ते साडेनऊ एवढाच अवकाश उरला. त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे, जेवणाबरोबर घेतलेल्या पेयाचा अपवाद वगळता, दुसऱ्याच्या पेल्याचे पैसे भरणे हाच गुन्हा ठरला. ज्या आळीपाळीच्या आदरातिथ्यात इंग्रज आपला सारा स्नेहभाव व्यक्त करतो, तेच काही वर्षे बेकायदा होते. ती बंदी युद्धानंतर उठली, पण दुपारची टाळेबंदी १९२१ च्या कायद्याने कायम झाली आणि थेट १९८८ पर्यंत टिकली. परिणामी दोन-तीन पिढ्यांच्या कारकुनांना कचेरी सुटणे आणि पानगृहाचे दार उघडणे या दोन घटना जवळजवळ एकाच घटकेला पाहावयास मिळाल्या. तेथूनच कामानंतरचा पेला हा केवळ विरंगुळा न राहता शहरी दिनक्रमाचा एक विधी झाला, असे माझे मत आहे. अपवाद होताच: स्मिथफील्डच्या मांसबाजारात रात्रभर राबणाऱ्या हमालांसाठी आसपासची काही पानगृहे पहाटेच उघडत, कारण त्यांची संध्याकाळ सूर्योदयाला होत असे.

आपल्याकडे मुंबई इलाख्यात १९४९ च्या दारूबंदी कायद्याने परवाना विक्रेत्याबरोबर पिणाऱ्याच्याही खिशात घातला, आणि त्यातून 'परमिट रूम' ही स्वतंत्र संस्था जन्मास आली. इंग्रजांनी बंधन घातले ते माणसावर नव्हे, तासांवर.

फ्लीट स्ट्रीटची वृत्तपत्रे १९८६ नंतर एकेक करून निघून गेली, २००५ मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेनेही आपले बिऱ्हाड हलविले, आणि त्याच वर्षी नव्या कायद्याने वेळेची जुनी चौकटही मोडली. परवानगी मिळाल्यास पानगृह आता रात्रभरही उघडे ठेवता येते. प्रत्यक्षात 'सिटी' या लंडनच्या कचेऱ्यांच्या भागातील अनेक पानगृहे शनिवारी-रविवारी उघडतच नाहीत, कारण त्या दिवशी कचेऱ्या बंद असतात.