भाडं, बिल्ला आणि लायसन्स



घरखर्चाच्या वहीत किराणा, दूध, औषधं यांना आपापलं पान असतं. वाहनाचा खर्च मात्र दहा ठिकाणी विखुरलेला सापडतो. कॉमर्स शिकलेल्या बाईला हे खटकतंच. म्हणून आज आपल्या मालवण किनाऱ्यावरचं हे एक खातं जुन्या काळापासून मांडते.

पूर्वी बहुतेक घरांत वाहन म्हणजे भाडंच. मुंबईची आगबोट बंदराबाहेर उभी राहायची. तिथून किनाऱ्यापर्यंत होडी, पुढे गावापर्यंत बैलगाडी, आणि प्रत्येकाचे पैसे वेगळे. पावसाळ्यात बोटी बंद, की तो खर्चही बंद. 1 जून 1948 रोजी पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी धावली आणि पुढे लाल गाडी कोकणातही आली. सायकल दुकानातून तासाच्या भाड्याने मिळायची. स्वतःची घेतली, तर अनेक नगरपालिका वर्षाचा कर घेऊन तिला पत्र्याचा बिल्ला देत. 26 जानेवारी 1998 पासून कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली, पण मालवणला स्टेशन नाही. त्यामुळे कुडाळ किंवा कणकवलीहून पुढचं रिक्षाभाडं कित्येकदा रेल्वेच्या तिकिटाहून जास्त होतं.

मग गाड्या घरात आल्या. 1939 च्या मोटार वाहन कायद्याच्या जागी 1988 चा कायदा आला, तो 1 जुलै 1989 पासून लागू झाला. आपल्या जिल्ह्याला एमएच 07 हा क्रमांक मिळाला. गाडी घेतानाच कर, 15 वर्षांची नोंदणी, मग विमा, पीयूसी आणि पंधरा वर्षांनंतर पुन्हा नोंदणी. यात घसारा तर कोणी धरतच नाही! भाडं दर खेपेला हातातून जातं, म्हणून डोळ्यांना दिसतं. मालकीचा खर्च गाडी दारात उभी असली तरी चालूच राहतो आणि दिसत नाही. सरकारी खर्च पाहणीतही ग्रामीण घरांच्या खर्चातला प्रवासाचा वाटा 2011-12 मध्ये सुमारे 4.2 टक्के होता, तो 2022-23 मध्ये साडेसात टक्क्यांवर गेला. यात गाडीची किंमत धरलेली नाही.

आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंडक श्रावकाचारात रोजच्या नियमांची यादी दिली आहे. तिच्यात भोजनानंतर लगेच वाहन येतं. ज्याचं प्रमाण बांधायचं, ते आधी मोजावं लागतं. म्हणून वाहनाला वहीत एक स्वतंत्र पान द्या.

ते पान भरलं की आणखी एक गोष्ट दिसेल. सर्वांत मोठ्या रकमेची वस्तू, म्हणजे गाडी, बहुतेक घरांत पुरुषाच्या नावावर असते आणि तिची किल्लीही त्याच्याच खिशात असते. आपल्यासाठी वाट मोकळी झाली ती छोट्या गाड्यांमुळे. 1972 ची लूना, मग 1984 ची बटण दाबून सुरू होणारी, गिअर नसलेली कायनेटिक होंडा. दोन्हींच्या मागे पुण्याचे फिरोदिया, आपल्याच समाजातले. 17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तोही मोठा आधार. पण सांध्याची एसटी चुकली तर देवळात किंवा दवाखान्यात जायचं कसं?

उत्तर या खात्यातल्या सर्वांत लहान रकमेत आहे. 2016 च्या केंद्रीय दरांप्रमाणे शिकाऊ लायसन्सचे 150, त्याच्या परीक्षेचे 50, चालवण्याच्या चाचणीचे 300 आणि पक्क्या लायसन्सचे 200 रुपये. बेरीज 700. कार्ड आणि टपालाचे थोडे वेगळे. पंचावन्न वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण, सोबत डॉक्टरांचा दाखला.

लाखांच्या खर्चात हे सातशे रुपयेच आपल्या नावावर जमा होतात. सुनेचं लायसन्स नसेल तर या महिन्याच्या वहीत ती नोंद आधी करा. स्वतःचं असेल तर मुदत कधी संपते, ते आजच पाहून ठेवा.