आकडे आवळणे

निफाडच्या द्राक्षबागांतून दिसणाऱ्या मोबाईल टॉवरवर अँटेनाजवळ रेडिओ संच असतो. फोनकडून आलेल्या लहरींचे आकडे करून तो फायबरने खालच्या यंत्राकडे धाडतो. हे आकडे धाडण्याच्या, २००३ साली सुरू झालेल्या ‘सिप्री’ पद्धतीत, २० मेगाहर्ट्झच्या ४जी पट्ट्यासाठी, एका अँटेनामागे सेकंदाला ३.०७२ कोटी नमुने जातात. प्रत्येकाचे १५-१५ बिटांचे दोन भाग. म्हणजे सेकंदाला सुमारे ९२ कोटी बिट, आणि तेही कोणी बोलत असो वा नसो! म्हणून शेजारच्या नमुन्यांच्या गटाला एकच सामाईक घातांक देऊन प्रत्येकाचे बिट कमी करतात. अचूकता किंचित घटते; बोलणाऱ्याला ते कळत नाही.