अग्निबाण आणि मथळे

पस्तीस वर्षें शाळेंत मास्तरकी केल्यावर हाताला एक खोड लागते. कागदाच्या शेवटीं दोहोंपैकीं एक शब्द लिहावयाचा : उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण. मुलानें उत्तर कसें काढलें, कोणत्या पायरीवर तें चुकलें, ही सारी हकीकत त्या एका शब्दांत बुडून जाते. वर्तमानपत्राचा मथळा लिहिणाऱ्यापुढेंही हीच अडचण असते. त्याला जागा चार-पांच शब्दांची, वेळ थोडा आणि वाचक घाईंतला. अग्निबाणाच्या चाचणीची बातमी आली कीं, तोही आम्हां मास्तरांप्रमाणें एक शेरा मारून मोकळा होतो. या शेऱ्यांचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. त्यांतील कांहीं प्रसंग आज आपल्यापुढें मांडावयाचे आहेत.

रॉबर्ट गॉडर्ड हे अमेरिकेंतील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. अग्निबाण चंद्रापर्यंत पोंचविणें तत्त्वतः शक्य आहे, असें त्यांनीं सुचविलें, तेव्हां १३ जानेवारी १९२० रोजीं ‘न्यूयॉर्क टाइम्स’नें संपादकीय स्तंभांत त्यांची थट्टा केली. निर्वात पोकळींत रेटा देण्यास कांहींच नसतें, आणि हायस्कुलांत रोज शिकविलें जाणारें ज्ञानही या गृहस्थांस नाहीं, असा त्या टीकेचा मथितार्थ. वस्तुतः अग्निबाण हवेला रेटून पुढें जातच नाहीं. तो वायु वेगानें मागें फेंकतो आणि त्याच्या प्रतिक्रियेनें स्वतः पुढें जातो. हा न्यूटनचा तिसरा नियम. म्हणजे हायस्कुलांतील धडा टीकाकारच विसरला होता!

१६ मार्च १९२६ रोजीं ऑबर्न गांवच्या एका शेतांत गॉडर्ड यांनीं द्रवरूप इंधनाचा पहिला अग्निबाण उडविला. तो अवघे अडीच सेकंद हवेंत राहिला व सुमारें ४१ फूट उंच गेला. १७ जुलै १९२९ च्या उड्डाणांत त्यांनीं वायुभारमापक, उष्णतामापक व कॅमेरा हीं उपकरणें बरोबर पाठविलीं. परंतु गाजला तो त्याचा आवाज; आणि चंद्राचा नेम २,३८,७९९ मैल व वर अर्धा मैल इतक्या अंतरानें चुकला, अशी टवाळी एका स्थानिक पत्रानें केली. त्या दिवशीं चंद्राचा नेम कोणीं धरलाच नव्हता. पुढें अपोलो-११ चंद्राच्या वाटेवर असतांना, १७ जुलै १९६९ रोजीं, ‘टाइम्स’नें आपली जुनी चूक कबूल केली. गॉडर्ड १९४५ सालींच वारले होते.

दुसरा प्रसंग याहून प्रसिद्ध आहे. ४ ऑक्टोबर १९५७ रोजीं सोव्हिएट रशियानें ८३.६ किलोग्रॅम वजनाचा स्पुटनिक पृथ्वीभोंवतीं फिरता केला. अमेरिकेचा ‘व्हॅनगार्ड’ तेव्हां अजून घडत होता. त्याच्या प्राथमिक उड्डाणांना ‘चाचणी-वाहन’ असेंच नांव दिलेलें होतें. तिसऱ्या क्रमांकाच्या वाहनांत तिन्ही टप्पे प्रथमच खरोखरीचे, इंधन भरलेले असावयाचे होते, आणि त्याच्या टोंकावर दीड किलोग्रॅमच्या आंतलाच एक गोळा बसविला होता. स्पुटनिकनंतर पांच दिवसांनीं राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या निवेदनांत डिसेंबरांतील या चाचणीचा उल्लेख झाला. मग ‘चाचणी’ हा शब्द हळूहळू गळून पडला, आणि ‘रशियाला प्रत्युत्तर’ एवढेंच लोकांच्या मनांत उरलें.

६ डिसेंबर १९५७ रोजीं केप कॅनव्हेरल येथें, कॅमेऱ्यांच्या देखत, तो अग्निबाण सुमारें चार फूट वर उचलला गेला, दोन सेकंदांत परत खालीं बसला आणि फुटून आगीच्या लोळांत नाहींसा झाला. स्पुटनिक या नांवाशीं यमक जुळवून ‘फ्लॉपनिक’, ‘कापुटनिक’, ‘स्टेपुटनिक’ असे शब्द पत्रांनीं पाडले : आपटलेला, मोडलेला, जागचा न हललेला. त्या गर्दींत एक गोष्ट मागें पडली. टोंकावरचा तो गोळा दूर उडून पडला होता आणि जमिनीवर पडल्या पडल्या आपले बिनतारी संदेश पाठवीत होता. पोंचे आलेला तो गोळा आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयांत जपून ठेवलेला आहे.

पुढें आणखी एक अपयश पचवून १७ मार्च १९५८ रोजीं व्हॅनगार्ड-१ कक्षेंत गेला. पृथ्वी किंचित् पेरूच्या आकाराची आहे, हें त्याच्या भ्रमणाच्या अभ्यासावरून कळून आलें. त्याचा आवाज १९६४ मध्यें बंद पडला. पण तो अजून फिरतो आहे, आणि कक्षेंत असलेल्या मानवनिर्मित वस्तूंत तोच सर्वांत जुना आहे.

एवढें ऐकून कोणी म्हणेल, हीं पत्रेंच उथळ. तीं नसतीं तर बरें झालें असतें. तसें नाहीं. ज्या अग्निबाणानें स्पुटनिक वर नेला, त्याच जातीच्या अग्निबाणाचें पहिलें उड्डाण १५ मे १९५७ रोजीं फसलें होतें. जगाला त्याची वार्ताही नव्हती. २४ ऑक्टोबर १९६० रोजीं बायकोनूर येथें एक क्षेपणास्त्र तळावरच पेटून सेनापति नेडेलिन यांच्यासह अनेक माणसें जळून मेलीं. नेडेलिन विमान-अपघातांत वारले, असें जाहीर झालें. खरी हकीकत रशियन पत्रांत उघडपणें आली ती १९८९ मध्यें. म्हणजे जवळजवळ तीस वर्षें त्या मृतांच्या नशिबीं साधा मथळाही नव्हता. टवाळी बोचते खरी. पण मौनाखालीं माणसें पुरलीं जातात.

आपल्याकडेंही असा प्रसंग आला. १० ऑगस्ट १९७९ रोजीं श्रीहरिकोटा येथून उडालेला एस्.एल्.व्ही.-३ पांच मिनिटांनीं बंगालच्या उपसागरांत पडला. दोष दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रणयंत्रणेंत होता. त्या दिवशीं वार्ताहरांना तोंड देण्यास संस्थेचे अध्यक्ष सतीश धवन स्वतः पुढें झाले. १८ जुलै १९८० रोजीं रोहिणी उपग्रह कक्षेंत गेला, तेव्हां मात्र त्यांनीं प्रकल्पप्रमुख अब्दुल कलाम यांस बोलावयास लावलें. ही आठवण कलाम पुढें अनेकदां सांगत. संस्थेच्या नोंदींत तें पहिलें उड्डाण ‘अंशतः यशस्वी’ आहे.

मात्र या ‘अंशतः’ शब्दाचाही दुरुपयोग होऊं शकतो. २० एप्रिल २०२३ रोजीं अमेरिकेंतील स्पेसएक्स या खाजगी कंपनीचा प्रचंड ‘स्टारशिप’ चार मिनिटांनीं आकाशांत नष्ट झाला, आणि उड्डाणतळाचें काँक्रीट उखडून दूरवर फेंकलें गेलें. कांहीं पत्रांनीं स्फोट मथळ्यावर घेतला, कांहींनीं कंपनीचें समाधान. तळ सोडून वर गेला हेंच यश, असें कंपनीचें म्हणणें. त्यांत तथ्य आहे; पण परीक्षार्थीनें स्वतःच आपला पेपर तपासावा, हेंही आम्हां मास्तरांस मानवत नाहीं. म्हणून मथळा वाचल्यावर तीन प्रश्न विचारावे : चाचणी कशासाठीं होती? तिचें उद्दिष्ट आधीं सांगितलें होतें कीं मागाहून? आणि तींतून काय कळलें?

एकदां आमच्या शाळेच्या विज्ञानप्रदर्शनांत एका मुलाचा बाटलीचा अग्निबाण उडण्याऐवजीं मेजावरच आडवा झाला. मीं तक्त्यांत ‘अयशस्वी’ असें लिहिलें. तो जवळ येऊन म्हणाला, “गुरुजी, तो आडवा कां झाला तें मला समजलं आहे. तें कोठें लिहूं?” मीं तक्ता पाहिला. त्यांत तसा रकानाच नव्हता. पुढल्या वर्षापासून तेवढा एक रकाना मीं वाढविला.