कानाने पकडलेली वाफ

भाताच्या पातेल्यावरचे झाकण उचलले, की त्याच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसतात. वाफ निवली, की तिचे पाणी होते. कारखान्यातल्या वाफेच्या नळांतही हेच घडते. हे पाणी बाहेर सोडायचे, पण वाफ अडवून धरायची, हे काम ‘स्टीम ट्रॅप’ म्हणजे वाफेचा सापळा करतो. तो उघडाच राहिला, तर वाफ आणि तिच्याबरोबर इंधन वाया जाते. तुंबला, तर नळात पाणी साचते.

हे साचणे किती महागात पडते, ते न्यूयॉर्कने अनुभवले. तिथे १८८२ पासून रस्त्यांखालच्या नळांतून इमारतींना वाफ पुरवली जाते. १८ जुलै २००७ च्या संध्याकाळी, १९२४ साली टाकलेला त्यातला एक नळ मॅनहटनमध्ये फुटला. एकाचा मृत्यू झाला, अनेक जण जखमी झाले. गळती बुजवायला वापरलेल्या मसाल्याचे तुकडे अडकून तिथले सापळे तुंबले होते, असे चौकशीत आढळले. त्यातच पावसाने नळ थंड पडला आणि आत पाणी वाढले. पाण्यात अडकलेली वाफ एकाएकी निवली आणि ती पोकळी भरायला धावलेल्या पाण्याने आतून घणाचा घाव घातला.

मग सापळा बिघडला, हे वेळीच ओळखायचे कसे? जुने मिस्त्री लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक सापळ्यावर टेकवत आणि मूठ कानाशी धरत. पुढे विज्ञानाने दोन नवी साधने दिली. १८०० साली विल्यम हर्शेल यांनी प्रकाशाच्या वर्णपटात तांबड्या रंगापलीकडे थर्मामीटर ठेवला आणि न दिसणारे उष्ण किरण सापडले. थर्मल कॅमेरा त्याच किरणांचे चित्र दाखवतो. १८८० साली पिएर आणि झाक या क्युरी बंधूंनी दाखवून दिले, की काही स्फटिक दाबले असता वीज निर्माण होते. आपल्या कानांपलीकडचा ध्वनी टिपणारी यंत्रे याच गुणाचा उपयोग करतात.

पण साधने दोन कशाला? याचे उत्तर त्याहून जुने आहे. अठराव्या शतकात ग्लासगोच्या जोसेफ ब्लॅक यांनी ‘सुप्त उष्णता’ ओळखली. एक किलो पाणी शून्यापासून शंभर अंशांपर्यंत तापवायला १०० किलोकॅलरी लागतात. त्याची वाफ करायला आणखी सुमारे ५४० लागतात, पण तापमान मात्र तसूभरही वाढत नाही. म्हणजे एकाच दाबाखालची वाफ आणि तिच्यापासून नुकतेच झालेले पाणी सारखेच गरम! थंड पडलेला, तुंबलेला सापळा कॅमेरा चटकन दाखवतो. गरम सापळ्यातून पाणी जाते आहे की वाफ निसटते आहे, हे मात्र त्याला सहसा कळत नाही. ते ध्वनी सांगतो. अनेक प्रकारचे धडधाकट सापळे थांबून थांबून वाहतात. गळका सापळा अखंड फुसफुसतो. यंत्र ती फुसफुस आपल्याला ऐकू येईल अशा स्वरात उतरवते.

तीन ते पाच वर्षे देखभाल झाली नाही, तर १५ ते ३० टक्के सापळे निकामी झालेले असू शकतात, असे अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचे सांगणे आहे. म्हणून कॅमेऱ्यातला लाल रंग पाहून निर्धास्त होऊ नये. कान लावणारा तो जुना मिस्त्री योग्य वाटेवरच होता. आपण त्याचा कान फक्त अधिक तिखट केला.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)